मागून आणलेली खुर्ची

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू गावी होतीस तेव्हा फोन होता, आणि शेवटची काही वर्षं तर तू माझ्याच घरात, पलीकडच्या खोलीत होतीस. बोलायचं ते सगळं बोलून झालं असेल, असं मी धरून चालले होते. तसं काही झालेलं नाही हे मला गुरुवारी कळलं, दिंडोरीजवळच्या एका वस्तीवर, हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्यावर. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. आज रविवार आहे. उद्या ऑफिसात मीटिंग आहे, आणि तिथं जाण्याआधी मला तुझ्याशी बोलायलाच हवं.

आधी तुझ्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर देते. "वंदे, तू नेमकं काय काम करती गं?" असं तू विचारायचीस. मी म्हणायचे, "गरिबीचा अभ्यास." त्यावर तू म्हणायचीस, "तिचा काय अभ्यास करायचा? ती काय कुठं पळून चालली?" मी हसायचे आणि विषय बदलायचे.

तर ऐक. आमची संस्था गरीब कुटुंबांना पक्कं घर बांधायला मदत करते. मदत थोडी आणि गरीब पुष्कळ, म्हणून कोण जास्त गरीब ते ठरवावं लागतं. कमाई विचारून उपयोग नसतो. मजुरी करणाऱ्या माणसाला ती धड सांगताच येत नाही. द्राक्षाची छाटणी निघाली की कामच काम, एरवी हातावर हात ठेवून बसायचं. म्हणून आम्ही घरातल्या वस्तू बघतो. पंखा आहे का? खुर्ची? मिक्सर, कपाट, टीव्ही? एकेका वस्तूला गुण असतात. गुण जास्त झाले की ते घर यादीत खाली जातं. खूप ठिकाणी असंच करतात, काही मी शोधून काढलेलं नाही. पण आमच्या संस्थेत हे गुणांचं गणित बसवलं ते मी.

आता तू कपाळाला हात लावला असशील. लाव. मीही लावलाय.

आपल्या घरी साहेब आले होते तो दिवस तुला आठवतो ना? मी चौथीत असेन. आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई सांगून गेला, उद्या साहेब घरोघर येणार, माहिती घेणार. कसली माहिती ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तू लगेच पदर खोचलास. घर सारवलंस, भांडी घासलीस, आणि मग शेजारच्या जुबेदाचाचीकडे गेलीस. तिच्या नवऱ्याचा बांगड्यांचा धंदा, बाजारच्या दिवशी सायखेड्याला पाल लावायचे. आपल्यापेक्षा त्यांचं थोडं बरं होतं. तिच्याकडून तू तिच्या माहेरच्या निळ्या फुलांच्या कपबश्या आणल्यास. मग लोखंडी घडीच्या दोन खुर्च्या आणल्यास. शेवटी तिचा टेबलफॅनही आणलास, आणि तो लावून बघितलास तेव्हा कॅलेंडरची पानं फडफडली. मी टाळ्या वाजवल्या. आपलं घर इतकं छान मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेब खुर्चीत बसले, वारा खाल्ला, कपातून चहा प्यायले. घरधनी असून दादा दाराशी उभे होते. साहेबांनी इकडेतिकडे बघून लिहून घेतलं आणि विचारलं, "खायला-प्यायला पुरतं ना?" तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "देवाच्या दयेनं काय कमी नाय." दादांनी तुझ्याकडे पाहिलं. त्या महिन्यात आपण भाकरीबरोबर नुसता ठेचा खात होतो, आणि त्या ठेच्यात शेंगदाणे नव्हते.

मग साहेब चाचीकडे गेले. तिथं काय होतं? तिचं सगळं सामान तर आपल्या घरात! तिनं साहेबांना पोत्यावर बसवलं आणि स्टीलच्या पेल्यात चहा दिला. यादी लागली तेव्हा चाची दारिद्र्यरेषेखाली आणि आपण वर. तिला पिवळं रेशनकार्ड मिळालं, पुढे घरकुलही मिळालं. आपल्या छपरावर मात्र दादा दर वर्षी जुनं मेणकापड काढून नवं घालत राहिले. यादी ऐकल्यावर दादा आधी हसले होते. नंतर बरेच दिवस ते तुझ्याशी धड बोलले नाहीत.

यादी लागली त्याच संध्याकाळी चाची रडत आली होती. "भाभी, मी जाते, साहेबाला सांगते. सामान माझं हाय, कार्ड तुमचं हाय." तू तिला काय म्हणालीस ते मला लख्ख आठवतं. "खबरदार. सामान मागून आणलं होतं असं गावाला सांगशील तर तुझं तोंड बघायची नाय मी." मग ती दर महिन्याला रेशनवरची साखर वाटीत घालून, वाटी पदराखाली झाकून आणायची. तू नको नको म्हणायचीस आणि घ्यायचीस. वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून तिच्यात कधी मेथी, कधी वांगी, कधी चार मिरच्या घालून मला पाठवायचीस. दोन घरांमधल्या त्या बोळातून वाटी घेऊन मी किती वेळा गेले असेन!

खरं सांगू? मी तुला त्या खुर्च्यांसाठी कधी माफ केलं नव्हतं. कॉलेजात दारिद्र्यरेषा शिकले तेव्हा डोक्यात तिडीक घेऊनच घरी आले. तू ओट्यावर बसून नाशिकच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतीस. मी दप्तर टाकलं आणि विचारलं, "का आणलंस ते सगळं चाचीकडून? एक दिवस आहे तसं दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?" तू हातातली जुडी पुरी बांधलीस. मग म्हणालीस, "मला काय माहीत ते खुर्च्या मोजायला आलेत? मला वाटलं, घरी आलेत."

तेव्हा मला ते उत्तर बावळटपणाचं वाटलं. बडा घर पोकळ वासा, असं मी तुला तोंडावर म्हटलं. आणि घर कुठलं बडं होतं गं आपलं? तू जुडीला पाणी मारलंस आणि टोपलीत ठेवलीस.

आता गुरुवारचं सांगते.

दिंडोरीच्या अलीकडे द्राक्षबागांच्या मागे एक वस्ती आहे. पेठ तालुक्याकडची माणसं कधी तरी बागांच्या कामाला आली आणि तिथंच राहिली. तुराट्यांच्या भिंती, शेणानं लिंपलेल्या, वर मेणकापड. आमच्या संस्थेतल्या मुली तिथं आठवडाभर घरोघर माहिती घेत होत्या आणि मी काम कसं चाललंय ते बघायला गेले होते. मी येणार हे वस्तीला आदल्या दिवशी कळवलं होतं. कळवायला आम्हीच सांगतो, लोक कामावर जाऊ नयेत म्हणून.

पहिल्या घरात मला हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. तिचा एक हात मोडलेला होता आणि तारेनं नीट बांधलेला होता. दुसऱ्या घरात गेले, तिथंही हिरवी खुर्ची. बसताना हात टेकवला तर कोपराला तार लागली. आई, तीच खुर्ची! बाहेर स्नेहल, आमची माहिती घेणारी मुलगी, पाणी पीत होती, आणि तेवढ्या वेळात मागच्या बाजूनं ती खुर्ची तिसऱ्या घरात पोचलीसुद्धा.

तिसरं घर यमुनाचं. माझ्याहून लहान असेल, पण दिसते मोठी. नवरा नाही, सासू खाटेवर, दोन मुली. मेणकापडाला इतक्या ठिकाणी ठिगळं होती की खाली जागोजाग उन्हाचे ठिपके पडले होते. यमुनानं खुर्ची पदरानं पुसली आणि म्हणाली, "बसा मॅडम. तुमच्याचसाठी ठिवली." शेजारी पाटावर मिक्सर होता. घरात एक बल्ब होता, पण मिक्सरची वायर लावायला कुठं जागाच नव्हती. कानाचा कप होता आणि चहा दुधाचा होता. दूधही मागूनच आणलं असणार.

स्नेहलनं टॅबवर विचारायचं ते विचारलं. शेवटी, "घरात खायला पुरतं का?" यमुना माझ्याकडे बघून हसली. "बरं चाललंय मॅडम. काय कमी नाय."

तुझेच शब्द. तोच पदर सारखा करणं. मला क्षणभर वाटलं, आता दाराशी दादा उभे असतील.

स्नेहल माझ्या कानाशी आली. तिलाही ती तार दिसली होती, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. तिनं विचारलं, "मॅडम, खुर्ची आणि मिक्सर, दोन्हीला 'हो' करू?" मी तुझी मुलगी. जगात कुणाला या खुर्चीची गोष्ट माहीत असेल तर ती मला. मी काय म्हणाले असेन?

"दिसतंय ना? मग कर."

ती खुर्ची मला बोचत होती, तरी मी तिच्यावरून उठले नाही. चहा संपवला, छान झालाय म्हणाले. निघताना यमुनानं एका कापडी पिशवीत वालाच्या शेंगा भरल्या आणि माझ्या हातात दिल्या. कुडाच्या कडेला वेल लावलाय तिनं. "वानवळा हाय," म्हणाली. "पहिल्यांदा घरी आला, रिकाम्या हातानं कसं जाऊ द्यायचं?"

पहिल्यांदा घरी आला. ऐकतेस ना, आई? ती माहिती द्यायला बसलीच नव्हती. तिच्या घरी पाहुणी आली होती. आणि त्या पाहुणीनं चहा पिऊन, शेंगा घेऊन, जाता जाता तिचं घर यादीत खाली ढकललं.

तू विचारशील, तुला एवढं माहीत होतं तर तू असला नियम केलासच का? या प्रश्नासाठीच मी हे पत्र लिहायला बसले, आणि इतका वेळ तोच टाळत आले.

काही महिन्यांपूर्वी नियम ठरवायची मीटिंग झाली. आमचे संचालक म्हणाले, "विचारत बसायचं नाही. लोक चलाख असतात, असलेलं लपवतात. डोळ्यांना दिसेल ते नोंदवायचं." स्नेहल तेव्हा नवीनच होती. तिनं विचारलं, "सर, आणि नसलेलं दाखवलं तर?" सर म्हणाले, "नसलेलं कोण कशाला दाखवेल? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला?" सगळे हसले. स्नेहल गोरीमोरी झाली.

आई, मीही हसले.

हसायला आलं म्हणून नाही. बोलायचं तर तुझं सांगावं लागलं असतं. शेणानं सारवलेलं घर, मेणकापड, चाचीच्या कपबश्या, सगळं. त्या ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी पहिल्यापासून नाशिकची, इंदिरानगरातली. मी कधी तसं सांगितलं नाही, पण कुणी समजलं तर खोडूनही काढलं नाही. तिथं गरिबांना 'ते' म्हणायची पद्धत आहे. 'ते' काय खातात, 'ते' कशावर खर्च करतात, 'त्यांना' काय हवं. मीही 'ते' म्हणते. इतकी वर्षं म्हणते की आता जीभ अडखळतही नाही. तू पलीकडच्या खोलीत माळ ओढत बसलेली असायचीस आणि मी फोनवर 'त्यांच्याबद्दल' बोलत असायचे. तुला ऐकू जायचं का गं?

लाजेची मोठी गंमत आहे. तुला आपल्या घराची लाज वाटली म्हणून तू खुर्च्या आणल्यास. चाचीला मिळालेल्या कार्डाची लाज वाटली. तुझ्या दहाव्याला ती काठी टेकत आली होती, माझा हात धरून म्हणाली, "वरती स्लॅबकडं बघते ना बेटा, तर आज बी शरम वाटते." यमुनाला मॅडमला जमिनीवर बसवायची लाज वाटली. मला तर तुझीच लाज वाटली. तेच खरं आहे. एक ते साहेब तेवढे चहा पिऊन, मिशी पुसून, सुखानं पुढच्या घरी गेले. आणि आता साहेबांच्या जागी मी आहे.

गुणांमध्ये पंखा बसतो, मिक्सर बसतो. ही लाज कुठं बसवायची ते मला कुणी शिकवलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही. खरं तर शिकायला कॉलेजात जायची गरजच नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी एक गोष्ट करायला बसले होते, तीही सांगते. यमुनाची माहिती कॉम्प्युटरवर उघडली. बदल करायचा अधिकार माझ्याकडेच आहे. खुर्ची 'नाही', मिक्सर 'नाही', एवढं केलं की तिचं घर वर येतं. कुणाला पत्ता लागला नसता. बोट बटणावर होतं. मग मनात आलं, त्या पहिल्या दोन घरांचं काय? त्यांच्याही गुणांत तीच खुर्ची आहे. आणि ती खुर्ची खरोखर जिची आहे, तिच्याकडे आमच्या मुली गेल्या तेव्हा ती कशावर बसली असेल? शिवाय गुपचूप बदललं तर का बदललं ते कुणाला सांगावं लागणार नाही. म्हणजे यमुनाचं काम होईल आणि मी पुन्हा अलगद सुटेन. मी कॉम्प्युटर बंद केला.

मग नियम काय करायचा? शुक्रवारपासून डोकं खाजवतेय. 'ही खुर्ची तुमचीच का?' असं विचारा म्हणावं, तर तू काय उत्तर दिलं असतंस? "आमचीच हाय सायेब!" दोन्ही खुर्च्यांवर हात ठेवून सांगितलं असतंस. न कळवता जावं, तर ती धाडच झाली. कुणी आपल्या घरी अशी धाड घातली असती तर तू त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतंस, आणि बरोबर केलं असतंस.

मला एकच सुचतंय. खुर्ची कुणाची ते आख्ख्या वस्तीला माहीत असतं. आपल्या आळीलाही माहीत होतं, फक्त तिला कुणी विचारलं नाही. वस्तीतल्या बायांनाच एकत्र बसवून विचारावं, की पहिलं घर कुणाचं व्हावं? भांडणं होतील. चुकाही होतील. वजनदार बाई आपल्या जावेचं नाव पुढे करील. पण नसलेल्या मिक्सरपायी कुणाचं छप्पर तरी जाणार नाही. चालेल का हे, तू सांग. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी चहा तर पी."

तू इथं फ्लॅटमध्ये आलीस तेव्हा पहिल्या दिवाळीला मला विचारलंस, "सोऱ्या मागायला कुणी आलं नाय का गं?" मी म्हटलं, "इथं सगळ्यांकडे सगळं असतं, आई." तू "हां" म्हणालीस आणि खिडकीपाशी जाऊन बसलीस. एकदा गावाकडची माणसं आली, तर तू खालच्या मजल्यावरून खुर्च्या मागून आणल्यास. पाहुणे गेल्यावर मी तुला म्हटलं, "सोफा आहे ना आपल्याकडे? लोक काय म्हणतील?" तू त्या खुर्च्या पुसून परत नेऊन दिल्यास, वर डब्यात चार करंज्या घालून. नंतर परत कधी कुणाकडे गेली नाहीस. तुझं ते जाणं-येणं मी बंद केलं. त्या खालच्या बाई अजून भेटल्या की तुझ्याबद्दल विचारतात. तू गेलीस हे त्यांना ठाऊक आहे, तरी विचारतात.

वालाच्या शेंगा आज निवडल्या. सकाळपासून नुसत्या समोर घेऊन बसले होते, मग निवडल्याच. तुझ्या पद्धतीनं, खोबरं न घालता केल्या, आणि जेवले. टाकल्या असत्या तर यमुनाचा आणखी एक अपमान झाला असता. पिशवी धुऊन वाळत घातलीय. ती रिकामी परत द्यायची नाही, एवढं तरी मला तुझ्या घरातून आलंय. मी वस्तीवर परत जाईन तेव्हा तिच्यात काहीतरी घरात केलेलं असेल, आणि मी खाली, पोत्यावर बसेन. खुर्ची आणायला कुणाला पळायला लागू नये, म्हणून आधीच बसेन.

पण ते नंतर. उद्या अकरा वाजता यादी पक्की करायची मीटिंग आहे. त्याच टेबलाभोवती, तीच माणसं. मी तुला शब्द देते, यादीवर सही करण्याआधी मी उभी राहीन. 'एका गावात एक बाई होती' असं म्हणणार नाही. 'माझी आई' असं म्हणेन. आमच्या गावाचं नाव सांगेन, मेणकापड सांगेन, निळ्या फुलांच्या कपबश्या सांगेन, आणि आम्ही कसे दारिद्र्यरेषेच्या वर गेलो ते सांगेन. मग यमुनाचं सांगेन, आणि त्या यादीवर सही करणार नाही.

कुणाला हसू येईल कदाचित. गोष्ट तशी हसण्यासारखीच आहे, दादाही आधी हसलेच होते. त्यांना हसू दे, आई. या वेळी मी हसणार नाही.

तुझी,
वंदू